पडवीतलं मेज आणि राळेचा धूर

९ एप्रिल, गुरुवार
गुरुदासने आज सांगितलं. दीर वहिनीला सांगतो तसं नाही, घरमालक भाडेकरणीला सांगतो तसं. पडवीत उभं राहून, चपला पायात.
"वयनी, हें मेज हांगाच्यान काड. फाटल्या गोठ्यांत व्हर. आईक धुंवर सोसना."
मी एका इन्व्हर्टरच्या बोर्डाला डाख लावत होते, धूर वर जात होता. हात थांबवला नाही. म्हटलं, गोठ्यात ओल आहे, बोर्ड गंजतील. आणि वर कौलं कुठे आहेत?
"कौलां हांव घालतां. मिरगा आदीं सगळें जावंक जाय."
म्हणजे ठरवूनच आला होता. मिरगाला, म्हणजे पावसाला, दोन महिने.
यापुढे या वहीत त्याला गु. लिहीन. त्याच्या बायकोला प्र. पूर्ण नावं लिहायची इच्छा नाही.

१० एप्रिल
गोठ्यात मेज नेणं म्हणजे काम बंद करणं. त्याला हे कळतं. मला कळतं हेही त्याला कळतं.
पडवी रस्त्यावर आहे. लोक मिक्सर, टीव्हीचे बोर्ड, पंपाचे स्टार्टर घेऊन येतात, रस्त्यावरूनच हाक मारतात. गोठा घराच्या मागे, वाट प्र.च्या रांधपघराच्या दारातून. कोण आलं, किती वेळ बसलं, पुरुष की बाई, सगळं तिथे नोंदलं जाणार. चार महिन्यांत कोणी फिरकणार नाही. मग म्हणतील, काम नाहीच तर मेज कशाला.
हे गेले त्याला दोन पावसाळे झाले. मेज ह्यांचं. त्यावर बसले की माझा दिवस जातो. नाहीतर दिवस जात नाही. एवढंच आहे, जास्त लिहायचं नाही.

११ एप्रिल
खोटं लिहिणार नाही. आईंना खोकला आहे. (आई म्हणजे सासूबाई. हळर्णची माझी आई कधीच गेली.) त्यांची खोली पडवीला लागून. मी डाखाचं आयर्न तापवलं की अर्ध्या तासात आतून खोकला सुरू होतो. सकाळी पोदेर पाव देऊन जातो तेव्हाही असतो, पण तेव्हा कुणी मोजत नाही.
या मुळगावात इतकी वर्षं खाणीची लाल धूळ उडाली. ताटात, पाण्यात, वाळत घातलेल्या लुगड्यांवर. तेव्हा आईंच्या छातीची कुणी चौकशी केली नाही. गु.चा स्वतःचा ट्रक होता त्या लाइनीत. आता ट्रक नाही तर माझा बोटभर धूर दिसतो.

१२ एप्रिल, रविवार
जेवणानंतर आईंसमोर विषय निघाला. प्र.ने काढला. ती वर्तमानपत्र वाचते, म्हणजे मथळे वाचते.
"शिशाचें वीख तें, आई. हवेंतल्यान रगतांत वता."
मी म्हटलं, धूर शिशाचा नाही. डाखाच्या तारेत राळ असते, ती जळते. देवळात धुपात घालतात ती राळ.
आई जप करत होत्या. माळ थांबली.
"राळ? धुपाची?"
"हो."
गु.ला हे माहीत नव्हतं. त्याचं तोंड बघून बरं वाटलं. धुपाला वीख कोण म्हणणार, तेही आईंसमोर?
आई म्हणाल्या, "मिरगा मेरेन रावूंदी मेज. पूण म्हज्या कुडींत धुंवर येवपाक जायना. आयलो जाल्यार गोठो."
कूड म्हणजे त्यांची खोली. तिथे धूर आला नाही तर मिरगापर्यंत मेज इथेच. घर अजून त्यांच्या शब्दावर चालतं. गु. उठून गेला. प्र.ने माझं ताट उचललं नाही, एरवी उचलते.

१४ एप्रिल
मी अकरावीत शाळा सोडली. इंग्रजी नंतर शिकले, ह्यांच्या पुस्तकांवरून, शब्दकोश मांडीवर घेऊन. शब्द कळतात, उच्चार येत नाहीत. कुणासमोर बोलायचे नसतात म्हणून चालतं.
आज ह्यांचं जुनं पुस्तक काढलं, आणि फोनवर जे मिळालं ते. दोन तास.
शिसं त्या उष्णतेला उडत नाही. हाताला लागतं, हात धुवावेत. हवेत जात नाही. म्हणजे माझं बरोबर. प्र. चूक.
पुढची ओळ. धूर राळेचाच. आणि दमा होतो तो त्या राळेनेच. एकदा छातीत बसला की मग थोडासा धूरही पुरतो.
त्याच्या पुढची ओळ. ही राळ पाइन नावाच्या झाडाची. देवळातली दुसऱ्या झाडाची. नाव तेवढं एक.
रविवारी मी जिंकले ते अशा प्रकारे.

१५ एप्रिल
ह्यांच्या कागदांवर दमा असं लिहिलं होतं. साखळी गावच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, काम काय करतात. मी म्हटलं, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. त्यांनी मान हलवली, लिहिलं, पुढचा पेशंट आत बोलावला. विडी नाही, तंबाखू नाही, तरी कसा दमा, असं तेराव्यापर्यंत सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.
पुस्तक परत कपाटात. कुणाला सांगायचं नाही.

१७ एप्रिल
बनवते. धूर ओढणारं यंत्र. तयार मिळतं, पण ते मागवलं तर पेटी दारात येईल, प्र. उघडून बघेल, आणि मी हरले असं होईल. शिवाय येतं मला.
विचार साधा. मेजावर पेटी, पेटीत पंखा, पंखा धूर ओढतो, मागे पाईप, पाईप भिंतीतून बाहेर. बसाप्पाला निरोप दिला. तो बेळगावकडचा, आमच्या वाड्यावर गवंडीकाम करतो. भिंतीला चार इंचांचं भोक. अर्ध्या दिवसाचं काम.

१९ एप्रिल, रविवार
बसाप्पा आला. चिऱ्यावर खडूने गोल काढला, छिन्नी लावली, दोन घाव घातले. तिसऱ्याला गु. आला. अंगात बनियन, तोंडाला साबण, अर्धी दाढी.
"कोणाक विचारून?"
"पडवी माझीपण आहे," मी म्हटलं.
"पडवी आसूं. वणत दोगांची. वणटीक हात लावूंक ना."
बसाप्पा माझ्याकडे बघतो, त्याच्याकडे बघतो. शेवटी छिन्नी पिशवीत टाकली. "ताई, तुमचं आधी ठरवा. चिरा काय, उद्या बी हितंच हाय."
गु. म्हणाला, "ही आमच्या घराक बुराक घालता." मग दाढी करायला गेला.
भिंतीवर दोन टवके आणि खडूचा गोल. पुसला नाही मी. त्यानेही नाही.

२० एप्रिल
जनेलातून, खिडकीतून, पाईप काढते म्हटलं. तर ते जनेल आतल्या अंगणाकडे उघडतं आणि अंगणात प्र. वाळवण घालते. "आमच्या सोलांचेर धुंवर सोडटली?" सोलं अजून झाडावर आहेत. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला पंधरा दिवस.
ठीक. बाहेर सोडायचा नाही. मग आतच गाळायचा. पेटीत पंख्याच्या आधी गाळणी, धूर गाळणीत अडकेल, स्वच्छ हवा परत पडवीत. हे जास्त कठीण. पण यात कुणाची परवानगी लागत नाही.

२३ एप्रिल
साखळीला गेले. कॉम्प्युटरच्या दुकानात दोन पंखे मागितले, बारा व्होल्टचे, मोठे.
"ताई, मुलाच्या कॉम्प्युटरला?"
"मूल नाही मला. धुराला."
तो हसला. मग त्याने पंखा कसा जोडायचा ते समजावायला सुरुवात केली, लाल तार, काळी तार. मी ऐकून घेतलं. बस चुकली. पुढच्या बसमध्ये उभ्याने.

२५ एप्रिल
पेटी मिळाली. ह्यांनी एका जत्रेच्या वेळी स्पीकर बांधला होता, त्याची लाकडी पेटी माळ्यावर होती. आतला स्पीकर केव्हाच फाटला. समोरचं गोल भोक पंख्याला जवळजवळ बरोबर बसलं, कडेने थोडं कानशीने घासलं.
जोडलं, चालू केलं, उदबत्ती धरली. सगळा धूर माझ्या तोंडावर.
पंखा उलटा. चौकटीवर बाण असतो, बारीक, हवा कुठे जाते ते दाखवणारा. दुकानदाराने तार समजावली, बाण सांगितला नाही. मीही बघितला नाही. चार स्क्रू काढून परत लावले.
तेवढ्यात प्र. उदबत्तीचा वास आला म्हणून डोकावली. "आज कितें, चवथ?"
"पंखा पुजते."
तिने डोकं आत घेतलं. गेली.

२८ एप्रिल
गाळणीत कोळसा लागतो असं वाचलं. साधा नाही, विशेष. आणि पुढे लिहिलंय की तो नारळाच्या करवंटीपासून करतात.
हसूच आलं. जगाला करवंट्या आमच्याकडून न्याव्या लागतात आणि मी पेटी मागवायला निघाले होते. परसात ढीग पडलाय.
पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला भोकं पाडली, आत करवंट्या, खाली आग. दुपारी केलं, सगळे झोपलेले बघून.
धूर एवढा झाला की शेजारच्या वाड्यावरून माणूस बघायला आला, कुठे आग लागली का. वर्षभर डाख लावला असता तरी एवढा धूर झाला नसता. आईंना उठवून प्र.ने मागच्या दारी नेलं, खांद्यावर टॉवेल टाकून, जणू मी घर पेटवलंय.
गु. संध्याकाळी आला, ऐकलं. नुसता हसला. बोलला असता तर बरं होतं.

२ मे, शनिवार
आता लिहायलाच हवं. चूक माझी.
कोळसा कुटला, चाळला, दोन जाळ्यांच्या मधे भरला, पेटीत बसवला. पडवीत चालू केला तर हवा जाईना. पंखा गुरगुरायचा, धूर जागच्या जागी. म्हणून पेटी अंगणात नेली, उघड्यावर, कुठे अडकतंय ते बघायला. दुसरा पंखाही जोडला. दोन्ही एकदम चालू केले.
जाळी फाटली.
अंगणात प्र.ची सोलं वाळत होती. पहिलीच. चार सुपं, लाल, ओली. त्यांवर काळी भुकटी बसली, ओल्याला चिकटली. मी पुसायला गेले तर जास्त लागली.
प्र. बाहेर आली. ओरडली नाही. एक सूप उचललं, माझ्या पायाशी आणून ठेवलं. "खा."
मी वाकून सूप उचललं.
"देवाची राळ म्हणटाली न्ही तूं? खा आतां. परसाद."

३ मे
सोलं धुतली. अर्धी टाकावी लागली. परसातल्या माझ्या झाडाची भिरंडं काढून, फोडून, प्र.च्या दाराशी ठेवली. टोपली दुपारपर्यंत तिथेच होती. मग आत गेली.
गु. आज बोलला. बाहेरच्या कट्ट्यावर बसून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, समोर कोणी नव्हतं.
"भावाक खाल्लो त्या मेजान. आतां आवयक खातलें."
पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हटलं.
त्याला पुस्तकातलं काही माहीत नाही. रागाने बोलला. बरोबर बोलला, हे त्याला माहीत नाही.
मी आत जाऊन भांडी घासली. घासलेली परत घासली.

४ मे
विशेष कोळशाबद्दलचं पुढचं पान मी वाचलं नव्हतं. पुढच्या पानावर वाफेची भट्टी आहे. कोळसा तिच्यातून काढला की त्याला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात, धूर त्यात अडकतो. माझा कोळसा नुसता चुलीतला कोळसा होता. करवंटी आमची म्हणून विद्याही आमची, असं मला वाटलं.

६ मे
परत साखळी. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात काळा स्पंज मिळतो, त्यात तो खरा कोळसा बसवलेला असतो. आणि पांढरा जाड स्पंज. पुढे पांढरा, मागे काळा, मग पंखा. कडेने सायकलच्या ट्यूबचे तुकडे, हवा चोरवाटेने जाऊ नये म्हणून.
चालू केलं. आयर्न तापवलं. डाखाची तार टेकवली. धूर वर उठला, वाकला, आणि आडवा होऊन पेटीत गेला. सगळा. दोरी ओढल्यासारखा.
दहा वेळा केलं. नुसतं बघायला.
ह्यांनी एकदा म्हटलं होतं, मेजावर एक पंखा बसवूया, धूर डोळ्यांत जातो. मी म्हटलं होतं, पंख्याने बारके स्क्रू उडतील, मग शोधत बसा. ते बरं म्हणाले. परत विषय काढला नाही.
आज मेजावर बारके स्क्रू होते. एकही उडाला नाही.

७ मे
काम.

११ मे
चार दिवस आतून खोकला फक्त पहाटे. मी काम करताना नाही. प्र.लाही ऐकू येत नाही हे मला दिसतं, कारण ती मुद्दाम पडवीतून येजा करते, कान लावून.
आज एकजण पंपाचा स्टार्टर घेऊन आला. गु. कट्ट्यावर होता, त्याला म्हणाला, "हांगा आतां काम जायना, गोठ्यांत जातलें." मी आतून म्हटलं, "इथेच होतं. आणा." तो माणूस बिचारा दोघांकडे बघून हसला आणि स्टार्टर मधल्या पायरीवर ठेवून गेला.

१४ मे
कौलं आली. गोठ्यापाशी उतरवली. बसाप्पा वासे बदलतोय. मला बघून मान खाली घातली. त्याचा काय दोष.

२१ मे
पांढरा स्पंज काढला, धुवायला. पंधरा दिवस झाले.
पांढरा नाही. मधोमध पिवळा, कडेला तपकिरी, आणि चिकट. बोटाला लागलं ते साबणाने गेलं नाही. वास तोच. ह्यांच्या शर्टांना यायचा तो. मी तो वास कामाचा समजत होते, घामाचा असतो तसा.
पंधरा दिवसांचं हे. मी दिवसाला तीन-चार तास बसते. ते आठ बसायचे. बावीस वर्षं. स्पंज नव्हता.
धुतला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला, पुस्तकांच्या मागे. नवा बसवला.
हे गु.च्या हाती पडलं तर संपलं. त्याला आणखी काही बोलावं लागणार नाही, नुसतं आईंना दाखवायचं.

२४ मे, रविवार
सकाळी आईंनी सगळ्यांना पडवीत बोलावलं. कदेल, म्हणजे खुर्ची, मागवली, मेजासमोर बसल्या. "चलय," म्हणाल्या.
पंखा लावला, आयर्न तापलं, डाख टेकवला. धूर पेटीत गेला. आईंनी नाक वर करून वास घेतला. दहा मिनिटं बसल्या. खोकल्या नाहीत.
मला वाटलं झालं.
गु. म्हणाला, "उगड पेटी."
"कशाला?"
"धुंवर खंय वता तो पळोवंक. उगड."
उघडली. स्पंज तीन दिवसांचा, पांढराच म्हणायचा. त्याने काढून उलटा केला, सुलटा केला, आईंपुढे धरला.
"पळय आई. कितेंच ना हातूंत. पंखो धुंवर हांगाचो थंय करता, बस. तुज्या कुडींत ना जाल्यार माळ्यार वता. आमकां पिशीं करता ही."
प्र. म्हणाली, "सोलांचें केलें तशें."
आईंनी माझ्याकडे बघितलं. "खंय वता गे?"
मी सांगू शकले असते की अडकतो तो डोळ्यांना दिसत नाही. आईंनी मानलं असतं की नाही, माहीत नाही. गु.ने मानलं नसतं. यंत्र खोटं ठरलं असतं, मेज आजच उचललं असतं.
किंवा कपाटातली पिशवी. म्हणजे यंत्र खरं. आणि गु. जे कट्ट्यावर बोलला तेही.
 
आत गेले. पिशवी आणली. मेजावर ठेवली, उघडली.
वास सगळ्यांना आला. गु. मागे सरकला. त्याला तो वास माहीत होता. भाऊ त्याचाही होता.
आईंनी स्पंज हातात घेतला. अंगठ्याने दाबला. अंगठा चिकटला.
"कितल्या दिसांचें हें?"
"पंधरा."
"दामू कितलीं वर्सां बसलो?"
"बावीस."
"आयकलें आई?" गु. म्हणाला. आवाज चढला होता, फाटला होता. "आयकलें मगे? हांव कितें सांगतालों? हिका म्हायत आसलें. हिका म्हायत आसलें आनी लिपयलें."
मी म्हटलं, आधी माहीत नव्हतं. मग म्हटलं, एप्रिलपासून माहीत आहे. राळेबद्दलही सांगितलं. धुपाची राळ वेगळी, ही वेगळी, वाईट आहे ती हीच. आणि पंख्याचं, ह्यांनी मागितला होता, मी नको म्हटलं होतं ते. ते कुणी विचारलं नव्हतं.

आईंनी विचारलं, "आनी तूं?"
मला कळलं नाही.
"तूं कितलीं वर्सां बसल्या ताज्या कुशीक?"
"तेरा," मी म्हटलं. "आणि नंतरची दोन."
आईंनी स्पंज पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, पदराखाली धरली आणि आपल्या खोलीत गेल्या. दार लावलं. गु. दाराशी जाऊन विचारत राहिला, मेजाचं काय, गोठ्याचं काय. 

२५ मे
आई कुणाशीच बोलत नाहीत. मी जेवण नेलं, खाल्लं. प्र.ने चहा नेला, घेतला. पिशवी त्यांच्या पेटीत आहे, मी बघितली.
मेजावर बसले नाही. बसावं की नाही हे कुणी सांगितलं नाही. गोठ्यावर कौलं चढली.

२६ मे
गु. सकाळी समोर आला. चपला बाहेर काढून. मला वाटलं मेज उचलायला आला. उभा राहिला.
"तो तुजे कडेन पंखो मागतालो?"
"एकदाच."
"माजे कडेनय मागिल्लो," म्हणाला. "ट्रकाच्या केबिनींतलो. हांवें दिलो ना."
 तो वाट बघत होता काहीतरी म्हणेन म्हणून.  मला त्याला हलकं करायचं नव्हतं.
जाताना म्हणाला, "गोठ्यांत वायर घालून दितां. मिरगा आदीं."
म्हणजे मेज गोठ्यात जायचं ते तसंच आहे.

२९ मे, शुक्रवार
पंपवाला स्टार्टर विचारायला आला. रस्त्यावरूनच हाक मारली. त्याला नाही कसं म्हणणार, तळीत पाणी नाही, झाडं करपतात. उद्या ये म्हटलं. म्हणजे आज बसायला हवं.
बसले. पंखा लावला, मग आयर्न. डाख टेकवायच्या आधी आतून आवाज आला. पाच दिवसांनी पहिला.
"पंखो लायलो गे?"
"लावला."

"आयकूंक येना."
"हळू चालतो आई. आवाज नाही त्याला."
"फट मारता तूं. फटकिरी. आदींय मारल्या."
खोटं नव्हतं या वेळी. मी उठले. पेटी उचलली, तार लांब केली आणि त्यांच्या दाराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली, पंखा आतल्या बाजूला, वारा त्यांना लागावा म्हणून. त्यांनी खाटेवरून हात लांब करून वाऱ्यासमोर धरला. बराच वेळ धरला. माझ्याकडे बघितलं नाही.
स्टार्टर अजून मेजावर उघडा आहे; पेटी परत येईपर्यंत डाख नाही.